घट

चौतीस वर्षं एकच रकाना भरतोय.
आवक, जावक, आणि दोघांच्या मधला
हा अरुंद, लाल शाईचा:
घट.

पहिल्याच दिवशी बसलिंगप्पा मापाडी म्हणाले होते,
बटाटा श्वास घेतो, पोरा,
लोखंड नव्हे.
आग्र्याला भरलेलं पन्नासाचं पोतं
होटगी रोडवर उतरतं ते अठ्ठेचाळीसचं.
चोर शोधू नकोस.
वाटेत घामेजलंय, एवढंच.

तेव्हा ट्रकला पाच दिवस लागायचे.
ताडपत्रीखाली मधल्या थरातली पोती
स्वतःच्याच उबेनं शिजायची.
क्लीनर फाळका पाडायचा
आणि आधी वास उतरायचा,
मग माल.
लाडलेसाब हमाल पाठ ओली झाली की ओरडायचा,
"मुनीमजी, इसमें तो सालन बन गया!"
मी लिहायचो: घट, तीन पोती.
त्याच्या सदऱ्याचं कुठं लिहिणार?

हवा मिळाली नाही की बटाटा आतून काळा पडतो.
सालीवर काहीच दिसत नाही.
गिऱ्हाईक घरी नेऊन चिरतं, तेव्हा कळतं.
अशी माणसंही आमच्या ऑफिसात होती दोन-चार,
पण ती वजनाला पूर्ण भरत.

एका मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला.
वीज नाही, मेकॅनिक पुण्याहून निघालेला, 
टेंभुर्णीला जेवायला थांबलेला.
चौथ्या दिवशी तीन नंबरचं चेंबर उघडलं
तर प्रत्येक पोत्यातून पांढरे कोंब,
सगळे एकाच दिशेला वाकलेले:
दाराच्या फटीकडे.
शेठ नाकाला रुमाल लावून उभे राहिले
आणि बराच वेळ कुणाला शिवी दिली नाही.
बावीसशे पोती.
रकान्यात आकडा मावेना,
शेवटचं शून्य जावकमध्ये जाऊन बसलं.

शेडच्या सावलीत निवडायला बायका असत.
हलीमा, येल्लूबाई, विडी घरकुलातून येणारी राजम्मा.
हॅक्सॉच्या पात्याची सुरी,
सडलं तेवढं उडवायचं,
चांगलं अर्धं टोपलीत,
टोपली पदराखाली.
गेटवरचा वॉचमन त्या वेळेला नेमका
आभाळ बघायचा. आमच्या आभाळात काय असतं बघण्यासारखं!
तीही घटच.
मीच लिहिली, लाल शाईनं, रोज.
राजम्माचा थोरला त्या अर्ध्या बटाट्यांवर
वकील झाला.
तो कुठल्या बाजूला धरायचा?

एका रविवारी सगळ्या वह्या काढून
बेरीज करत बसलो.
घट म्हणजे बरंचसं पाणीच.
म्हणजे इतक्या वर्षांत एक बऱ्यापैकी तळं
आम्ही या शहराच्या हवेत सोडलं,
आणि हवा आहे तशीच,
ओठ फोडणारी.

आता शेठच्या जागी पंकज हविनाळे आलाय.
हुशार पोरगा. खोटं कशाला बोलू?
प्रत्येक चेंबरला सेन्सर, पोत्यांऐवजी क्रेट,
कोंब येऊ नये म्हणून धुरी,
आग्र्याची गाडी दुसऱ्या रात्री दारात.
बारा टक्क्यांची घट तीनवर आली.
त्यानं पेढे वाटले.
मी दोन खाल्ले.

मंगळवारी राजम्मा आली होती.
शेडमध्ये बसली सवयीनं.
निवडायला काही नव्हतं.
सुरी फडक्यात गुंडाळली,
वॉचमनशी तेलुगूत काहीतरी बोलली,
तो हसला नाही.
गेली.

काल हिशेब तपासताना
पंकजनं माझ्या रकान्यावर बोट ठेवलं.
काका, मशीन दोन पूर्णांक आठ म्हणतंय,
वहीत तीन पूर्णांक एक कसे?

मी चष्मा काढला, पुसला.
खिडकीबाहेर डांबर मऊ पडलेलं.
टेबलाखाली माझी पिशवी
पायानं जरा आत सरकवली.

उन्हाळा आहे, साहेब, म्हणालो.